पाचांतला दुसरा

"नंबर दोन साहेबांचं होतं, बाई," निर्माती म्हणाली आणि तिनं हातातलं पेन अगदी अलगद टेबलावर ठेवलं. माइकपुढची बाई हेडफोन गळ्यात घेऊन तशीच बसली होती, आणि पहिल्यांदा तिच्या मनात आलं ते इतकंच, की हेडफोनची गादी फाटलीय आणि आतला स्पंज मानेला टोचतोय. मग वाक्य पोचलं. साहेब म्हणजे तिचा नवरा. ज्याला जाऊन पुढच्या महिन्यात वर्ष होणार होतं, आणि ज्याच्या आठवणीसाठी रेडिओनं हा सगळा घाट घातला होता. एकच सिंफनी, सगळ्यांना पाठ असलेली, सगळ्यांची लाडकी. तिचा एकच संथ भाग. वाद्यवृंदांच्या पाच कंडक्टरांची पाच रेकॉर्डिंगं. नावं न सांगता ती एकामागून एक वाजवायची आणि तिघा जाणकारांनी नुसत्या कानांनी ठरवायचं, यातलं उत्तम कोणतं. पाचांत एक तिच्या नवऱ्याचं असणार हे तिघांनाही माहीत होतं, कार्यक्रमाची सगळी गंमतच ती होती. आणि दुसरं रेकॉर्डिंग निम्मं व्हायच्या आत तिनं हात वर करून ते बंद करायला लावलं होतं. "याला गाडी पकडायचीय," ती माइकमध्ये म्हणाली होती, "जाऊ दे बिचाऱ्याला." सगळे हसले होते. सगळ्यांत जास्त ती स्वतः हसली होती.

चौथं लागलं तेव्हा मात्र तिचं काहीतरी झालं. क्लॅरिनेट एकटं निघालं, मागे व्हायोलिनं असून नसल्यासारखी, आणि चाल पहिल्या वळणावर येऊन थांबते तिथे ती थांबली. हवी तेवढीच थांबली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि ते पुसायचंही तिला सुचलं नाही. "हा तो आहे," ती म्हणाली, माइक चालू आहे हे ठाऊक असून. "अख्खं आयुष्य मी हे ऐकलंय. पाचवं वाजवायची गरज नाही." शेजारच्या जाणकारांनी, संगीतशाळेच्या मास्तरांनी, आदरानं मान खाली घातली. त्यांच्या पलीकडे बसलेला तिसरा जाणकार, म्हातारा चेलोवादक, जो तिच्या नवऱ्याच्या हाताखाली निवृत्त होईपर्यंत वाजवत होता, तो समोरच्या भिंतीकडे टक लावून बघत राहिला. दुसऱ्या नंबरच्या वेळी तोच एकटा म्हणाला होता, की थोडं पुढे ऐकू या. तिनं ऐकलं नव्हतं.

"मग चौथा कोण?" तिनं आता विचारलं.

निर्मातीनं नाव सांगितलं. सांगताना तिचा चेहरा इतका पडला होता, की तिलाच धीर द्यावा असं वाटलं.

घरात ते नाव कधी घेतलं जात नसे. घरात तो इस्त्रीवाला होता. त्याच्या एका मैफलीहून परतताना जिन्याच्या पायऱ्या चढता चढता नवरा म्हणाला होता, "काय गं ती इस्त्री! एक सुरकुती म्हणून ठेवली नाही पठ्ठ्यानं. आता घडी घाला आणि कपाटात ठेवा." मुलगी तेव्हा लहान होती. तिला ते इतकं आवडलं, की रेडिओवर काहीही कंटाळवाणं लागलं की ती आतल्या खोलीतून ओरडायची, "बाबा, इस्त्रीवाला!" इस्त्रीवाला गावोगाव हिंडायचा, त्याची रेकॉर्डिंगं निघायची, बक्षिसं त्याच्याकडे चालत जायची. तिच्या नवऱ्याला या सिंफनीचं रेकॉर्डिंग आयुष्यात एकदाच करायला मिळालं. ती वर्तमानपत्रात संगीतावर लिहायची. इस्त्रीवाल्याच्या एका कार्यक्रमावर तिनं 'नीटनेटका' असा एकच शब्द टाकला होता, आणि त्या शब्दावर नवरा दिवसभर खूश होता, येताजाता 'नीटनेटका' म्हणून हसत होता. नवऱ्याच्या कार्यक्रमांवर ती कधीच लिहीत नसे, ते बरं दिसलं नसतं, ते काम दुसऱ्या कुणाकडे जाई. त्यामुळे त्याला ऐकताना तिच्या हातात पेन्सिल नसायची. आणि पेन्सिल नसली की आपण ऐकत नाही, नुसतं बघतो, हे तिला आत्ता या फाटक्या हेडफोनखाली कळत होतं. तिनं जन्मभर त्याची पाठ बघितली होती. काळ्या कोटाची ती पाठ, डावा खांदा किंचित वर, कानामागे घाम. लग्न ठरलं तेव्हा आई म्हणाली होती, "कंडक्टर आहे? मग तिकिटं कोण फाडतं?" आणि पहिल्यांदा कार्यक्रमाला येऊन गेल्यावर म्हणाली, "दोन तास लोकांकडे पाठ करून उभा राहतो, तरी लोक टाळ्या वाजवतात. चांगला असणार मुलगा." त्या पाठीच्या भरवशावर ती आज इथे आली होती. डोळे मिटले तर पाठ दिसत नाही, एवढी साधी गोष्ट तिच्या लक्षात आली नव्हती.

"बाई, एक सुचवू का?" निर्माती म्हणाली. "अजून काहीच प्रसारित झालेलं नाही. तुम्ही चारबद्दल जे बोललात ते मी एडिटमध्ये दोनच्या मागे लावते. ऐकणाऱ्याला काय कळणार? उद्या सकाळी स्टुडिओ मोकळा आहे. तुम्ही येऊन फक्त ते गाडीचं वाक्य बदलून द्या."

"म्हणजे मी ओळखलं असं होईल."

"ओळखलंच असतं हो तुम्ही. हे हेडफोन इतके जुने झालेत, मी कधीची सांगतेय बदला म्हणून." ती बिचारी हेडफोनवर बिल फाडत होती.

"मीसुद्धा चारच म्हणणार होतो," मास्तर म्हणाले. त्यांना मदत करायची होती, पण त्यानं तिला मुळीच बरं वाटलं नाही.

मास्तरांना मनाविरुद्ध हसून दाखवताना तिच्या लक्षात आलं, की निर्माती म्हणतेय ते तिला हवंय. फार हवंय. लोकांनी ऐकावं, की नाव न सांगता, चेहरा न दाखवता, पाच जणांतून बायकोनं नवऱ्याला बरोबर उचललं. मुलीनं ऐकावं. मुलीनं तर सासरच्या सगळ्यांना, ऑफिसातल्यांना, शेजाऱ्यांनाही सांगून ठेवलं होतं. गेलेल्या माणसासाठी करण्यासारखं आता उरलंच काय होतं? कपडे देऊन झाले होते, स्वरलिपींची पुस्तकं वाद्यवृंदाच्या ग्रंथालयात गेली होती. ओळखणं तेवढं बाकी होतं, आणि तेही तिच्या हातून गेलं होतं. "उद्या सांगते," ती म्हणाली आणि पर्स शोधायला लागली. पर्स तिच्या खांद्यालाच होती.

चेलोवादक तिच्याबरोबर बसथांब्यापर्यंत आला. त्याचे गुडघे गेले होते, त्यामुळे तिला हळू चालावं लागत होतं, आणि हळू चाललं की रस्ता नको इतका दिसतो. उखडलेली फरशी, दुकानांच्या बाहेर ठेवलेली खोकी, एका दुकानाच्या काचेत ओळीनं मांडलेली पांढरी वॉशबेसिनं आणि त्यांचे चकचकीत नळ. त्या नळांपाशी ती थांबली.

"तुम्हाला कळलं होतं," ती म्हणाली.

"मी वाजवलंय त्यात, वहिनी. कळणारच."

"मग बोलला का नाहीत?"

"नावं काढायची नाहीत असं ठरलं होतं ना. थोडं पुढे ऐकू, एवढं म्हणालो मी. त्याहून काय म्हणणार?"

"मला वाटलं तुम्ही आपले भिडेखातर म्हणताय." तिला राग आला होता आणि तो कुणावर काढावा हे कळत नव्हतं, म्हणून ती त्याच्यावरच काढत होती. "पण तो असा नव्हता हो. घाई कसली? त्याला कधी कसली घाई होती? शर्टाची बटणं लावायला बसला की मी म्हणायची, तू लाव, तोवर मी बाजार करून येते. आणि हे काय? कुणी काठी घेऊन मागे लागल्यासारखं?"

चेलोवादक म्हणाला, "लाल दिवा."

"काय?"

"रेकॉर्डिंगचा लाल दिवा, वहिनी. साहेबांना त्याची धास्ती होती. हजार माणसांपुढे काही वाटायचं नाही त्यांना, मस्करी करत स्टेजवर जायचे. पण तो दिवा लागला की हात गार. पहिल्या दिवशी दोनदा मध्येच बाहेर गेले, उलट्या झाल्या. आले परत, तोंड पुसून उभे राहिले. दिवा लागला, की निघाले पळत. त्यांनाही कळत होतं, पण हात ऐकत नव्हते." त्यानं दुखरा गुडघा चोळला. "मग जेवायच्या सुट्टीत आम्ही आपसात ठरवलं. साहेब जिथे पळतील तिथे कुणी मागे ओढायचं नाही. आपणही पळायचं. त्यांना एकटं पडू द्यायचं नाही. म्हणून घाईचं असलं तरी ते फुटलेलं नाही कुठे. एकत्र आहे. नीट ऐका तुम्ही, एकत्र आहे."

"कुणाकुणाला माहीत होतं हे?"

"सगळ्यांनाच की," तो सहज म्हणाला. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून त्यानं सावरायचा प्रयत्न केला. "तुम्हालाही माहीत असणार असं धरून चाललो होतो आम्ही. पुढे दोन वेळा बोलावणं आलं होतं ना त्यांना रेकॉर्डिंगचं, नाही म्हणाले, तेव्हा वाटलं, तुमचं दोघांचं बोलून ठरलं असेल."

बस आली. म्हाताऱ्याला निरोप द्यायला आपण हात वर केला की नाही हे तिला नंतर आठवलं नाही. बसमध्ये तिला खिडकीजवळ जागा मिळाली आणि पुढच्या सीटच्या पाठीवर कुणीतरी किल्लीनं कोरलेलं नाव ती वाचत राहिली. दोन वेळा बोलावणं आलं होतं. आणि ती लोकांच्या घरी, जेवणाच्या टेबलांवर, चार माणसांत, त्या कंपन्यांना शिव्या घालत होती. यांना इस्त्रीवाले लागतात, ती म्हणायची, यांना कान नाहीत, यांना कपाटं भरायचीत. तावातावानं बोलायची. नवरा समोर बसून पाव कुरतडत असायचा आणि म्हणायचा, "जाऊ दे गं." तिला तो त्याचा मोठेपणा वाटायचा. मनाचा किती मोठा आहे, कडवटपणा म्हणून नाही, असं तिनं स्वतःच्या बहिणीला फोनवर सांगितलं होतं. बाजूच्या सीटवरची बाई तिच्याकडे बघायला लागली तेव्हा तिला कळलं, की आपण तोंडानं काहीतरी पुटपुटतोय.

आणि नळ. त्या दिवशी नळ गळत होता, तो दिवस तिला आता लख्ख आठवत होता, आठवू नये म्हणून बाहेर बघितलं तरी आठवत होता. रेकॉर्डिंग संपवून तो संध्याकाळी घरी आला. चपला-बूट दारात काढण्याबद्दल तो काटेकोर होता, आणि त्या दिवशी बुटांसकट स्वयंपाकघरात आला. उभ्याउभ्या पाणी प्यायला. पेला दोन्ही हातांनी धरला होता. ती न्हाणीघराच्या दारात बादली घेऊन उभी होती आणि नळवाल्यावर तोंडसुख घेत होती, की तो मेला आला, पाना विसरलो म्हणाला, गेला तो गेलाच. तिनं ते सगळं साग्रसंगीत सांगितलं, नळवाल्याच्या आवाजाची नक्कलसुद्धा केली. मग तिला आठवलं, की अरे, आज याचं रेकॉर्डिंग होतं. आणि ती म्हणाली, "छानच झालं असणार! तुझं काय!" तो तिच्याकडे बघून हसला. पेला ठेवला. "हो," म्हणाला, "झालं." मग बुटांसकटच पलंगावर आडवा झाला, आणि तिनं दमला असेल म्हणून बूट काढून ठेवले. पायांत ताकद नसल्यासारखे त्याचे पाय हातात आले होते. तिला ते तेव्हाही जाणवलं होतं, आणि तिच्या मनात आलं होतं, की याला एकदा रक्त तपासायला न्यायला हवं. रक्त! 'छानच झालं असणार' हे वाक्य तिनं संसारात किती वेळा वापरलं असेल? कौतुकाचंच वाक्य ते. त्या वाक्यानंतर माणूस पुढे काय बोलणार? बोलायला जागाच नव्हती.

घरी आल्यावर तिनं दिवा न लावता रेकॉर्ड शोधली. संध्याकाळचं ऊन अजून खोलीत होतं. ती रेकॉर्ड निघाली तेव्हा एकदाच लावली होती. तो समोरच्या खुर्चीत बसून तिचा चेहरा बघत होता आणि ती, आपला चेहरा तो बघतोय म्हणून, आनंदी चेहरा करून बसली होती. संपूर्ण वेळ तिनं तो चेहरा सांभाळला. संगीत कानांवरून गेलं. त्यानंतर त्यानंच ती रेकॉर्ड वरच्या कप्प्यात टाकली, "झालेलं काय ऐकायचं," म्हणाला, आणि तिला तेही आवडलं होतं, त्यातही तिला मोठेपणाच दिसला होता. आता ती पेन्सिल घेऊन बसली. सवयीनं बसली. क्लॅरिनेट निघालं, आणि पहिलं वळण यायच्या आतच पुढचा सूर येऊन थडकला. व्हायोलिनांना श्वास घ्यायला वेळ नव्हता. ती प्रत्येक वळणावर थांबून त्याला शोधत होती. इथे असेल, इथे तरी असेल, ही त्याची आवडती जागा, इथे तो नक्की रेंगाळेल. तो कुठेही रेंगाळला नाही. पकडले जायच्या आत सगळं उरकून टाकायचं असावं तसा तो पुढे चालला होता, आणि खाली चेलो, बास, हॉर्न, सगळे त्याच्याबरोबर धापा टाकत होते, एकही मागे राहिलेला नव्हता. ते तिला आता ऐकू येत होतं. चेलोवादक खरं बोलला होता. पन्नास-साठ माणसं एका घाबरलेल्या माणसाच्या बरोबर पळत होती, आणि तिनं स्टुडिओत हसून सांगितलं होतं की जाऊ दे बिचाऱ्याला. तिनं सुई उचलली, परत सुरुवातीला ठेवली. पुन्हा ऐकलं. पेन्सिलीनं कागदावर काही लिहिलं गेलं नाही.

मग चौथा नंबर का ओळखीचा वाटला? हे कोडं नव्हतं, तिला उत्तर माहीत होतं, ती फक्त त्याच्यापर्यंत जायचं टाळत होती. ती उठून स्वयंपाकघरात गेली. जेवणं झाली की ती भांडी घासायची आणि तो पुसायचा. पुसताना तो हाच संथ भाग गुणगुणायचा, नाकातल्या नाकात, बेसूर. गाता गळा त्याला नव्हता. पहिल्या वळणावर चाल थांबते तिथे तो पुसलेली बशी फळीवरच्या जाळीत उभी करायचा, नीट, दुसरीला लागू न देता, आणि मग पुढची ओळ घ्यायचा. तो थांबा म्हणजे एक बशी ठेवायचा वेळ. इस्त्रीवाल्याच्या रेकॉर्डिंगमध्ये नेमका तेवढाच थांबा होता. त्यात इस्त्रीवाल्याचं ना श्रेय ना दोष. किंवा कुणी सांगावं, नवऱ्याला त्याचंच आवडत असेल, त्याचंच ऐकून तो घरी तसं म्हणत असेल आणि वर त्याला नावं ठेवत असेल. आता विचारणार कुणाला? स्वयंपाकघरात लाल दिवा नव्हता. तिथे त्याला कुणी पकडत नव्हतं. तिथला माणूस तिनं ओळखला होता, अगदी बरोबर ओळखला होता, फक्त तो माणूस कुठल्याही रेकॉर्डवर नव्हता.

तिनं ओट्याला टेकून ते गुणगुणणं आठवायचा प्रयत्न केला. वर्षभर ते होतं तिच्यापाशी. सकाळी चहा गाळताना यायचं, न बोलावता यायचं, आणि ती गाळणं हातात धरून ते संपेपर्यंत थांबायची. आता तिनं बोलावलं तर क्लॅरिनेट आलं. खरं क्लॅरिनेट, सुरेल, गोल आवाजाचं, आणि मागे इस्त्रीवाल्याची व्हायोलिनं. तिनं ते झटकलं, पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच. नवऱ्याचं नाकातलं बेसूर गुणगुणणं त्याच्या खाली कुठेतरी असणार, पण आता ते सापडेना. दुपारच्या त्या एका ऐकण्यानं ते पुसलं गेलं होतं. तिला इतकं रडू आलं, की ओट्याच्या कडेला धरून ती खाली बसली. फरशी गार होती. नवरा गेला तेव्हाही ती अशी बसली नव्हती. तेव्हा माणसं होती, फोन होते, कुणाला चहा हवा होता. आज कुणी नव्हतं आणि आज तो खरा गेला होता.

फोन वाजला तो मुलीचा होता. "आई, झालं रेकॉर्डिंग? बाबांना लगेच ओळखलंस ना?"

"ऐकशील तेव्हा कळेल," ती म्हणाली. आवाज ठीक यावा म्हणून ती उठून उभी राहिली होती.

"सांग ना! मी इथे सगळ्यांना पैजेवर सांगितलंय, आई पहिल्या दोन सुरांत ओळखणार."

"बाबा घाबरायचे का गं कधी?" तिनं विचारलं.

"बाबा?" मुलगी हसली. "बाबा कशाला घाबरतायत. उंदीर तेच पकडायचे." मग म्हणाली, "कॅमेऱ्याला मात्र घाबरायचे हां. म्हणजे घाबरायचे नाही म्हणता येणार, पण तो आत्याकडचा मोठा व्हिडिओ कॅमेरा नव्हता का, तो काढला की यांना तहान लागायची. उठायचे आणि पाणी आणायला जायचे. मी मध्ये सगळ्या कॅसेटी बघितल्या ना, बाबांचं काहीतरी हवं होतं मला. एकातही नाहीत. माझ्या वाढदिवसाच्या एकात नुसता हात आहे, दाराच्या कडेला. पेला धरलेला." ती आता हसत नव्हती. "आई? का विचारलंस?"

"सहज," ती म्हणाली. "जेवलीस का?"

मुलीचं जेवण, जावयाची बदली, पाणी कधी येतं, हे सगळं बोलून झालं. फोन ठेवल्यावर तिनं एका माणसाचं जेवण केलं आणि त्यातलं अर्धं झाकून ठेवलं. लेकीला ते कॅमेऱ्याचं ठाऊक होतं, साठ वादकांना दिव्याचं ठाऊक होतं. त्या सगळ्यांनी मिळून त्याला वाचवलं होतं, आपापल्या परीनं, काही न बोलता. आणि तिच्यापासूनही वाचवलं होतं का? तिला आवडणारा तो शांत, मोठ्या मनाचा, कधी घाई नसलेला माणूस तिच्यासाठी उभा करताना तो दमत असेल का? हा विचार आला आणि तिला वाटलं, की उद्या सकाळी जावं, दोन वाक्यं बोलून टाकावीत, निर्मातीनं कात्री चालवावी आणि हा विषय मिटवावा. जगात अशा कितीतरी बायका असतील ज्यांना नवरे ओळखू आले नाहीत. त्यांना कुणी रेडिओवर बोलावत नाही एवढंच. बेसिनमध्ये एक बशी आणि एक वाटी होती. ती तिनं घासली आणि तशीच ओली ठेवून दिली.

सकाळी स्टुडिओत निर्माती तिच्या आधी आली होती. नवे हेडफोन आणून ठेवले होते. "तुम्ही नुसतं बोला, बाई, मी बघते बाकीचं," ती काचेपलीकडे जाता जाता म्हणाली. "दोनबद्दल दोन चांगली वाक्यं. मग मी चारचं त्याला जोडते."

"आधी दोन वाजवा," ती म्हणाली. "पूर्ण वाजवा. मी थांबवणार नाही."

"वाजवायची खरं गरज नाहीये..."

"मला माहितेय. वाजवा."

दारावरचा लाल दिवा लागला. इतक्या वर्षांत ती शेकडो वेळा या दिव्याखाली बसली होती आणि तो लागतो की नाही हेसुद्धा तिनं कधी नीट बघितलं नव्हतं. आता ती त्याच्याकडेच बघत राहिली. क्लॅरिनेट निघालं. पहिलं वळण आलं आणि गेलं. या वेळी तिनं त्याला शोधलं नाही, कुठे रेंगाळेल म्हणून वाट बघितली नाही. अनोळखी माणसाचं ऐकावं तसं ऐकलं, आणि मधल्या एका जागी, जिथे चेलो इतरांच्या पुढे धावत येऊन त्याच्या शेजारी पोचतात, तिथे तिनं दोन्ही हातांनी टेबलाची कड घट्ट धरली. शेवटचा सूर सुटला तो लगेच सुटला, पूर्ण वाजूही दिला नव्हता. काचेपलीकडून निर्मातीनं खूण केली.

"नंबर दोन," ती माइकमध्ये म्हणाली. आवाज तिचा नेहमीचा होता, लोकांना माहीत असलेला. "काल मी हे अर्ध्यात बंद करायला लावलं. ते तसंच राहू द्या, कापू नका. चौथ्याला मी माझा नवरा समजले, तेही राहू द्या. चौथं मी ऐकलेल्यांत उत्तम आहे आणि मी त्यावर ठाम आहे. दोन नंबर उत्तम नाही. यातला कंडक्टर घाबरलेला आहे. पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत घाबरलेला आहे, आणि वाजवणाऱ्या एकूण एक माणसाला ते कळलंय, म्हणून ते सगळे त्याच्या बरोबर राहिलेत. हे मी कुठल्याही दुसऱ्या रेकॉर्डिंगमध्ये ऐकलेलं नाही." काचेपलीकडे निर्माती उभी राहिली होती, तिचा हात बटणावर होता, पण तिनं ते दाबलं नव्हतं.

"बाई?" निर्मातीचा आवाज हेडफोनमध्ये आला, अगदी जवळून. "आणखी काही म्हणायचंय?"

"हो," ती म्हणाली. "त्या संध्याकाळी घरी गेल्यावर याला कुणीतरी विचारायला हवं होतं."